आधी पाय, मग रंगमंच: बॉयसीतला बास्क नाच कसा टिकला

१९४० च्या दशकाचा उत्तरार्ध. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची राजधानी बॉयसी. इथल्या बास्क समाजाचा, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या भागातून आलेल्या लोकांचा, हिवाळ्यात एक मोठा नाच व्हायचा. त्याला ‘शीपहर्डर्स बॉल’ म्हणत, म्हणजे मेंढपाळांचा नाच. झकपक कपडे घालून यायला तिथे मनाई होती. पुरुषांनी कामावरची डेनिम घालायची, बायकांनी घरात वापरायचा साधा सुती झगा. एका कोकराचा लिलाव व्हायचा आणि आलेले पैसे धर्मादाय कामाला जायचे. अकॉर्डियनवर ‘खोता’ची धून लागली की युरोपातून आलेली मंडळी हात उंचावून मध्ये येत. त्यांची बॉयसीत जन्मलेली मुलं मात्र बाजूला राहत. त्यांना अमेरिकन नाच येत होते, खोता येत नव्हता.

हे पाहून स्वस्थ न बसलेली बाई म्हणजे हुआनिता उबेरुआगा ओर्माएचेआ. गावात त्यांना ‘जे’ म्हणत. त्या स्वतः बोटीतून आलेल्या नव्हत्या. आले होते ते त्यांच्या आधीच्या पिढीतले लोक. हुआनिताबाई बॉयसीतच, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मल्या. पण स्थलांतरितांच्या घरात वाढल्यामुळे तो नाच त्यांच्या अंगात होता, आणि तो पुढच्या मुलांच्या अंगात उतरलेला नाही हे त्यांना दिसलं. त्यांनी मुलांना गोळा करून शिकवायला सुरुवात केली. आज बॉयसी हे स्पेन-फ्रान्सबाहेरच्या बास्क संस्कृतीचं एक प्रमुख ठिकाण मानलं जातं आणि तिथला नर्तकसंघ जगभर ओळखला जातो. त्याची मुळं शोधत गेलं की आपण या शिकवणीपाशी येऊन थांबतो.

परदेशी गेलेल्या समाजाने आपली कला ‘जपली’ असं आपण सहज बोलून जातो. ती जपण्यासाठी नेमकं काय करावं लागलं, कोणी केलं आणि त्यात काय हातचं गेलं, हे फारसं कोणी विचारत नाही. बॉयसीच्या प्रकरणात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी मिळतात, म्हणून ते तपशिलात मांडतो आहे.

मेंढ्यांमागे आलेली माणसं

बास्क लोकांचा प्रदेश पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, बिस्केच्या उपसागराला लागून आहे. चार प्रांत स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. त्यांच्या भाषेचं, एउस्केराचं, जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. आयडाहोत आलेले बहुतेक लोक बिस्काया या किनारी प्रांतातले होते, त्यातही लेकेइतिओ, इस्पास्तेर, गेर्निका या पट्ट्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८८९ च्या सुमारास, पहिले काही जण या भागात पोहोचले आणि मग भावामागून भाऊ, चुलत्यामागून पुतण्या असे येत गेले.

काम एकच मिळायचं, मेंढपाळाचं. आणि गंमत अशी की किनाऱ्याकडच्या त्या शेतकरी-कोळी घरांतल्या बहुतेकांनी हजार-दोन हजार मेंढ्यांचा कळप आयुष्यात पाहिलेला नव्हता. या कामाला इंग्रजी लागत नव्हतं, एकटं राहायची तयारी लागत होती. वसंतापासून शरदापर्यंत डोंगरात एक माणूस, एक कुत्रा आणि कळप, एवढंच जग. बोलायला माणूस नाही, मग नाचायला कुठून असणार? नाच व्हायचा तो हिवाळ्यात, माणसं शहरात उतरली की.

शहरात त्यांचा मुक्काम असायचा बास्क बोर्डिंग हाउसमध्ये. बॉयसीच्या ग्रोव्ह स्ट्रीटवर अशी घरं एकमेकांना लागून होती. त्यांतलं एक, १८६४ साली बांधलेलं विटांचं घर, आजही उभं आहे आणि संग्रहालयाचा भाग आहे. याच रस्त्यावर १९१४ च्या सुमारास बांधलेलं आन्दुइसा फ्रोन्तोन हे पेलोता, म्हणजे भिंतीवर चेंडू मारायचा बास्क खेळ, खेळायचं बंदिस्त मैदान आहे. बोर्डिंग हाउस चालवणारं जोडपं मेंढपाळांना जेवूखाऊ घालायचं, पत्र वाचून दाखवायचं, डॉक्टरकडे न्यायचं, नोकरी शोधून द्यायचं. गावाकडून आलेल्या तरुण मुली तिथे स्वयंपाक, धुणं, झाडलोट करायच्या. सुटीच्या दिवशी जेवणं झाली की टेबलं भिंतीला लागायची, कोणीतरी अकॉर्डियन काढायचं आणि नाच सुरू व्हायचा. मुली मोजक्या, मेंढपाळ पुष्कळ. पहाटेपासून राबलेल्या त्या मुली रात्री तितक्याच जोमाने नाचत. पुष्कळ लग्नं याच जमिनीवर जुळली.

या घरांत नाच कोणी शिकवत नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. शिकवायची गरजच नव्हती. लहान मूल कोपऱ्यातून बघायचं, चार वर्षांनी मोठ्यांच्या पायांत लुडबुडायचं, आणखी चार वर्षांनी त्याला नाचता यायचं. बिस्कायातल्या गावचौकात हेच होत आलं होतं. बोर्डिंग हाउसने नकळत तो चौक छपराखाली आणला होता.

बघणं थांबलं

ही व्यवस्था का मोडली त्याची कारणं नाचाच्या बाहेरची आहेत, आणि मला वाटतं म्हणूनच ती वेळेवर कोणाच्या ध्यानात आली नाहीत.

१९२४ च्या अमेरिकन कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली. संपूर्ण स्पेनच्या वाट्याला वर्षाला १३१ जागा आल्या. त्यात आयडाहोला येणारे बास्क किती, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. गावाहून ताजा नाच, ताजी धून, ताजी भाषा घेऊन येणारी माणसं जवळपास थांबली. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारी कुरणांत मोकळेपणी कळप फिरवणं बंद केलं. त्यामुळे स्वतःची जमीन नसलेल्या फिरत्या मेंढपाळाचा धंदाच बसला. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निकावर बाँब पडले. बॉयसीतल्या कित्येक घरांचं माहेर-सासर त्याच परिसरात होतं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि बॉयसीची बास्क मुलं अमेरिकन गणवेशात लढायला गेली.

परत आलेल्या या पिढीला ग्रोव्ह स्ट्रीटवर राहायचं कारण उरलं नव्हतं. ती शहराच्या इतर भागांत घरं घेऊन राहू लागली आणि बास्क नसलेल्यांशीही लग्नं करू लागली. बोर्डिंग हाउसं एकेक करून रिकामी होत गेली. भिंतीला टेबलं लावण्याचा प्रसंगच उरला नाही, त्यामुळे कोपऱ्यातून बघणारं मूलही उरलं नाही. नाचाला कोणी विरोध केला नव्हता. कोणाला त्याची लाजही वाटत नव्हती. शीपहर्डर्स बॉलला गर्दी होत होती, जेवण होत होतं, मोठी माणसं नाचत होती. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं छान चाललेलं दिसलं असतं. गेली होती ती फक्त शिकण्याची जागा.

शिकवणी

हुआनिताबाईंनी नेमकी ही उणीव ओळखली. बघून शिकणं संपलं आहे, तेव्हा आता कोणीतरी उभं राहून शिकवलं पाहिजे. आज हे सोपं वाटतं. पण ज्या समाजात नाचाला कधी गुरू नव्हता, वर्ग नव्हता, ‘चुकलास, परत कर’ असं म्हणणारं कोणी नव्हतं, तिथे खोताचा वर्ग काढणं ही नवी गोष्ट होती.

त्यांनी काय शिकवायला घेतलं याला फार महत्त्व आहे. बास्क नाचांत दिखाऊ प्रकारांची कमी नाही. दुरांगोच्या परिसरातला दान्त्सारी दान्त्सा घ्या. पांढऱ्या वेशातले आठ पुरुष तलवारी आणि काठ्या घेऊन नाचतात, पाय डोक्याच्या उंचीपर्यंत झेपावतात आणि शेवटी एका नर्तकाला आडवं धरून सगळ्यांच्या डोक्यांवर उचलतात. लेकेइतिओत सेंट पीटरच्या सणाला कोळी लोक खांद्यावर एक मोठी पेटी उचलतात आणि तिच्यावर उभा राहून एक जण नाचतो. त्याला काशारांका म्हणतात. पाहुण्याचा मान म्हणून केला जाणारा आउरेस्कू तर कुठल्याही बास्क समारंभात असतोच. लोकांचे डोळे दिपवायचे असते तर यांतलं काहीही घेता आलं असतं.

त्यांनी घेतला खोता, आणि त्याच्या मागोमाग नेहमी येणारा पोरुसाल्दा.

खोता हा तीन मात्रांच्या लयीवरचा जोडीचा नाच आहे. जोडी म्हटली तरी हात धरायचा नसतो, समोरासमोर उभं राहायचं. दोन्ही हात खांद्यांच्या वर, कोपरं किंचित वाकलेली, बोटांच्या चुटक्या लयीत. कमरेच्या वरचं अंग ताठ आणि शांत ठेवायचं, सगळं काम पायांचं. वजन चवड्यांवर, टाच जमिनीला जेमतेम टेकते, पाय समोर झटकला जातो, मग गिरकी, मग पुन्हा समोर. एक भाग चालण्याचा, एक उड्यांचा. तो संपला की वादक न थांबता दोन मात्रांच्या लयीत शिरतो आणि पोरुसाल्दा सुरू होतो. त्यात पाय इतक्या भराभर पडतात की नवख्याचा श्वास अर्ध्यावरच तुटतो. आखूनरेखून ठरवलेली रचना नाही, ठरलेली माणसं नाहीत. शंभर जण एकाच वेळी नाचू शकतात. आजी नातवासमोर उभी राहू शकते.

हा निवडीचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तलवारीचा नाच आठ जणांना येतो आणि बाकीचे बघतात. खोता सगळ्यांना यावा लागतो, नाहीतर तो उरत नाही. हुआनिताबाईंनी मुलांना जे दिलं ते त्यांना पुढच्याच बॉलला वापरता येणारं होतं, आईसमोर, काकांसमोर, शेजारच्या मुलीसमोर.

आणि त्यांनी मुलांपासून सुरुवात केली. विशी-पंचविशीतल्या तरुणाला मोठ्यांसमोर चुकायची लाज वाटते. आठ वर्षांच्या मुलाला वाटत नाही.

अकॉर्डियनवर जिमी हाउसोरो

नाच शिकवायला पाय लागतात तशी धूनही लागते, आणि या प्रकरणात धून वाजवणारा माणूस हा दुसरा खांब आहे. जिमी हाउसोरो १९२० साली बॉयसीजवळच्या नॅम्पा गावात जन्मले. घरात बास्क बोर्डिंग हाउस होतं. तिथे उतरणाऱ्या मेंढपाळांचं वाजवणं ऐकत ऐकत ते अकॉर्डियन शिकले. पोटापाण्यासाठी युनियन पॅसिफिक रेल्वेत नोकरी, आणि उरलेल्या वेळात लग्नं, पिकनिक, बॉल, मुलांचे वर्ग. डोमिंगो आन्सोतेगी या साथीदाराबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं. बॉयसीच्या दोन-तीन पिढ्यांच्या पायांना लागलेली लय ही याच माणसाच्या बोटांतली आहे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने लोककलावंतांसाठी असलेला आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. २००४ मध्ये ते गेले.

जिवंत वादकाने काय फरक पडतो ते नाचणाऱ्यालाच कळतं. ध्वनिमुद्रिकेवर मूल धडपडलं तर धून पुढे निघून जाते. समोर बसलेला वादक लय अर्धी करतो, तीच ओळ पुन्हा घेतो, पाय जमले की हळूहळू वेग वाढवतो. शिवाय शिकवणीत ऐकलेली धून आणि बॉलला वाजणारी धून एकच, वाजवणाराही तोच. वर्ग आणि समारंभ यांच्यामध्ये दरी पडली नाही.

इथे एक बाजूची गोष्ट सांगतो, कारण ‘अस्सल परंपरा’ या कल्पनेबद्दल ती बरंच काही सांगते. अकॉर्डियन बास्क प्रदेशात आलं तेच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि गावोगावच्या पाद्र्यांनी त्याला ‘नरकाचा भाता’ म्हणून नावं ठेवली. त्यांना जुनं चिस्तू प्रिय होतं. चिस्तू म्हणजे तीन छिद्रांची बासरी. डाव्या हाताने ती वाजवायची आणि उजव्या हाताने लहान ढोलकं. अकॉर्डियनवर तरुण मंडळी एकमेकांना धरून नाचतील ही पाद्र्यांची भीती होती. खोतादेखील द्वीपकल्पाच्या इतर भागांतून आलेला, तिथे रुजून बास्क झालेला नाच आहे. म्हणजे हुआनिताबाई आणि हाउसोरो जो ‘बापजाद्यांचा’ वारसा सांभाळत होते, तो आई-वडिलांच्या, फार तर आजोबांच्या पिढीत त्या रूपाला आलेला होता. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. लोक ज्यावर मनापासून नाचत होते ते त्यांनी पुढे दिलं, आणि वारसा याहून वेगळा काही असतो असं मला वाटत नाही.

१९४९

त्या वर्षी ‘सॉन्ग ऑफ द बास्क’ हा मोठा कार्यक्रम बॉयसीत रंगमंचावर आला. हुआनिताबाई त्यामागच्या प्रमुख व्यक्ती होत्या. शिकलेली मुलं त्यात नाचली. बास्क लोकांना शहर मेंढपाळ म्हणून ओळखत होतं. काही दशकांपूर्वी त्यांच्याविषयी पश्चिमेकडच्या गुराख्यांत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ कडवट बोललं-लिहिलं गेलं होतं. आता तेच शहर तिकीट काढून त्यांचा नाच पाहायला बसलं.

याच सुमारास एउस्काल्दुनाक या नावाने संस्था उभी राहिली आणि ग्रोव्ह स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बास्क सेंटर बांधलं गेलं. बोर्डिंग हाउस गेल्यावर जी जमीन हरवली होती ती समाजाने वर्गणी काढून पुन्हा मिळवली. आता बार होता, पत्त्यांची टेबलं होती आणि नाचायला सभागृह होतं. शिकवणीला घर मिळालं.

१९४९ च्या कार्यक्रमाचं कौतुक खूप होतं आणि ते योग्यच आहे. पण मी त्याला या प्रकरणाचा कळस मानत नाही. मुलांना तारीख मिळाली, कपडे शिवले गेले, आयांनी रात्री जागून लाल घागऱ्यांना काळे पट्टे लावले, हे सगळं शिकवणीला बळ देणारं होतं. तरी नाच टिकला की नाही याची परीक्षा अकरा वर्षांनी झाली.

१९६०: मुळाकडे गेलेली मुलं

१९६० मध्ये बॉयसीतली काही तरुण मंडळी बास्क प्रदेशात गेली. अल एर्कियागा हे त्यांतलं ठळक नाव. दोनोस्तिया, म्हणजे सान सेबास्तियान शहरात, त्यांची गाठ ओइन्कारी नावाच्या नर्तकसंघाशी पडली. या संघाने अमेरिकेतून आलेल्या भावंडांना आपले नाच शिकवले आणि निघताना आपलं नावही वापरायला दिलं. परत येऊन त्यांनी बॉयसीत ओइन्कारी बास्क डान्सर्स हा संघ काढला. तो आजही आहे. १९६२ मध्ये सिएटलच्या आणि १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ते नाचले.

त्या वेळी स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती. इकुरिन्या हा बास्क ध्वज फडकवायला बंदी होती आणि भाषेला शाळा-कचेऱ्यांत स्थान नव्हतं. ध्वज कायदेशीर झाला तो १९७७ मध्ये. नाचाला मात्र परवानगी होती, कारण राजवटीला तो निरुपद्रवी लोककला वाटत होता. त्यामुळे बास्क तरुण नाचाच्या संघांत एकत्र येत आणि तिथेच आपली भाषा बोलत. बॉयसीच्या मुलांना जे नाच मिळाले ते अशा, पाठीवर सरकारी नजर असलेल्या लोकांकडून. ते देणं केवळ पावलांचं नव्हतं.

आता मुद्दा असा. परदेशात वाढलेली तरुण मुलं मूळ गावी जातात, हरखतात, फोटो काढून परत येतात, आणि वर्षभरात सगळं विरतं, असं पुष्कळ समाजांत घडतं. बॉयसीच्या मुलांचं तसं का झालं नाही? माझं उत्तर: कारण ती हात हलवत गेली नव्हती. नाच त्यांच्या गावात आधीच रुजवलेला होता. ताठ पाठ, चवड्यांवरचं वजन, तीन मात्रांतून दोन मात्रांत जाणं हे आजूबाजूला नाचलं जात होतं, शिकवलं जात होतं. दोनोस्तियातल्या शिक्षकांना अक्षरओळखीपासून सुरू करावं लागलं नाही. आणि परत आल्यावर त्यांच्या हाताशी वादक होता, सभागृह होतं, नाचायला तयार असलेली धाकटी मुलं होती. हुआनिताबाईंनी पेरलं ते इथे उगवलं.

नव्याने जुन्याला झाकलं का?

ओइन्कारीने आणलेले नाच बॉयसीच्या म्हाताऱ्यांनी गावात असताना नाचले असतीलच असं नाही. बिस्कायाच्या किनाऱ्यावरच्या माणसाला शेजारच्या गिपुस्कोआ प्रांताचा किंवा फ्रान्सच्या बाजूच्या सुबेरोआचा नाच परकाच. वर्तुळाकार कड्या घेऊन नाचायचे प्रकार, फिती विणत नाचायचे प्रकार, टिपऱ्यांसारख्या काठ्यांचे प्रकार, जमिनीवर ठेवलेल्या वाइनच्या पेल्यावर पाय टेकवून उडी मारायचा सुबेरोआचा नाच, हे सगळं एका पाठोपाठ एका कार्यक्रमात येऊ लागलं. गावाकडे यांतला प्रत्येक प्रकार एका विशिष्ट गावाचा आणि विशिष्ट दिवसाचा होता. बॉयसीत सातही प्रांत एका संध्याकाळी नाचले जाऊ लागले.

यात काही हरवलं, हे खरं आहे. सणाशी बांधलेला नाच तालमीशी बांधला गेला. सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टीचा काही भाग निवडक लोकांनी बाकीच्यांना दाखवायचा झाला. पण काही मिळालंही. बिस्कायाचा म्हणवून घेणारा आयडाहोतला माणूस आणि नवार किंवा फ्रान्सकडचा म्हणवून घेणारा कॅलिफोर्निया-नेवाडातला माणूस, यांचा आपसात फारसा संबंध नव्हता. १९५९ मध्ये नेवाडातल्या स्पार्क्सला झालेल्या पश्चिमेकडच्या बास्क मेळाव्याने आणि पुढे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या बास्क संस्थांच्या महासंघाने त्यांना एकत्र आणलं. एकमेकांचे नाच शिकणं हा त्या ओळखीचा सगळ्यात सोपा रस्ता होता.

माझ्या मते बॉयसी एका गोष्टीमुळे वाचली. रंगमंचावरचा कार्यक्रम संपला की खोता-पोरुसाल्दा वाजतो आणि प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचायला उतरतात. ओइन्कारी पुढे आली म्हणून हुआनिताबाईंचा साधा नाच मागे पडला असता, तर बॉयसीत आज एक चांगला संघ असता आणि बाकी सगळे टाळ्या वाजवणारे असते.

भाषेचं काय

हा या प्रकरणातला दुखरा भाग आहे आणि तो टाळून चालणार नाही. नाच शिकायला भाषा लागत नाही. म्हणूनच तो अमेरिकेत जन्मलेल्यांपर्यंत पोहोचला, आणि म्हणूनच तो भाषेला बरोबर ओढून नेऊ शकला नाही. नाचणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना धुनेचे शब्द कळत नव्हते. नाच आहे म्हणजे सगळं आहे असं समाधान समाजाला मिळत राहिलं आणि त्या समाधानाखाली एउस्केरा घराघरातून आटत गेली.

ते पुढे काही जणांना जाणवलं. १९७४ मध्ये बॉयसीच्या विद्यापीठाने गिपुस्कोआतल्या ओन्याती गावात विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम काढला. फ्रँको अजून जिवंत असतानाच्या त्या अस्वस्थ दिवसांत तिथे राहिलेल्या मुलांनी परत येऊन भाषेचे वर्ग, संग्रहालय, अभ्यासकेंद्र यांत मोठी कामं केली. १९८५ मध्ये ग्रोव्ह स्ट्रीटवर बास्क संग्रहालय सुरू झालं. १९९८ मध्ये एउस्केरा माध्यमाची बालवाडी निघाली. म्हणजे नाचाच्या वर्गानंतर भाषेच्या बालवाडीला जवळपास पन्नास वर्षं लागली. दोन्ही एकाच वेळी सुरू झालं असतं तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पण यासाठी हुआनिताबाईंना दोष देणं अन्याय होईल. त्यांनी जे हातात होतं ते केलं. भाषेसाठी तसं उभं राहणारं माणूस त्या काळात पुढे आलं नाही.

शिकवणी पुढे

आज बॉयसीत लहान मुलांचा वेगळा संघ आहे. ती मुलं मोठी झाली की ओइन्कारीत जातात. शिकवणारे बहुधा याच वाटेने आलेले, नोकरीधंदा सांभाळून शिकवणारे लोक असतात. या संघांत ज्यांच्या नावात बास्कपणाची खूणही नाही अशी मुलंही नाचतात, कारण आजी बास्क आहे, किंवा नुसतीच मैत्रीण बास्क आहे म्हणून.

१९८७ मध्ये शहराच्या जुन्या तुरुंगाच्या आवारात हायआल्दी हा आंतरराष्ट्रीय बास्क महोत्सव पहिल्यांदा भरला. १९९० नंतर तो दर पाच वर्षांनी होत आला. जगभरातून हजारो लोक येतात, बास्क प्रदेशातून नर्तक आणि राजकारणी येतात, ग्रोव्ह स्ट्रीट माणसांनी ओसंडतो. २०२० चा महोत्सव कोविडच्या साथीमुळे होऊ शकला नाही आणि पुढचा भरला तो २०२५ मध्ये, दहा वर्षांनी. दहा वर्षं म्हणजे नाचणाऱ्यांची एक अख्खी फळी. आठव्या वर्षी आधीचा हायआल्दी पाहिलेलं मूल २०२५ मध्ये अठरा वर्षांचं होतं. केवळ उत्सवावर अवलंबून असलेली कला एवढ्या खंडात खिळखिळी झाली असती. बॉयसीत मुलांचे वर्ग आणि तालमी यांचा कारभार उत्सवापेक्षा जुना आणि वेगळा आहे, म्हणून महोत्सवाला नाचणारे कमी पडले नाहीत. बास्क समाजावर लिहिणारे महोत्सवाचे आकडे देतात. त्यांनी हुआनिताबाईंच्या वर्गाबद्दल त्याच्या निम्म्याने तरी लिहायला हवं होतं.